मूलबाळ नसलेल्या विधवेची इस्टेट कुणाची? अहिल्याबाईंच्या दरबारातली खरी प्रकरणं

दरवर्षी ३१ मे जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक गोष्ट फिरायला लागते. इंदूरच्या रस्त्यावरून मालेराव होळकरांचा रथ जातो, चाकाखाली एक वासरू चिरडलं जातं आणि त्याची आई रस्त्यातच बसून राहते. अहिल्याबाईंना हे कळतं. त्या मुलाला हातपाय बांधून त्याच जागी टाकायला लावतात आणि स्वतः रथ हाकायला निघतात. तेवढ्यात ती गाय आडवी येते, हाकलली तरी पुन्हा येते आणि मुलगा वाचतो.

गोष्ट भारी आहे. अडचण एवढीच की ती अहिल्याबाईंच्या जन्माआधी हजारएक वर्षांपासून सांगितली जाते. श्रीलंकेच्या महावंस या पाली ग्रंथात ती एळार राजाच्या नावावर आहे. वासरू गमावलेली गाय राजाची न्यायाची घंटा ओढते आणि राजा आपल्या मुलाला त्याच चाकाखाली मृत्यू देतो. तमिळनाडूत हीच गोष्ट तिरुवारूरच्या मनुनीती चोळाची म्हणून सांगतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात त्याचा पुतळासुद्धा आहे.

म्हणजे न्यायी राजाची एक फार जुनी गोष्ट पुढे अहिल्याबाईंना येऊन चिकटली. ती चिकटली याचं कारण लोकांच्या मनात त्यांची ओळखच न्याय देणारी बाई अशी होती. पण त्यांनी निकालात काढलेली खरी प्रकरणं सिनेमासारखी नाहीत. ती पैशाची आहेत, वारशाची आहेत आणि त्यातली गाजलेली बरीचशी विधवांची आहेत.

चौंडीच्या पाटलांची लेक

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा. गाव चौंडी, सीना नदीच्या काठावरचं, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातलं. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील, समाज धनगर.

पाटलाचं घर म्हणजे त्या काळी गावातलं पहिलं न्यायालय. बांधाचं भांडण असो, वतनाचा हिस्सा असो, की दत्तकाचा वाद, तो आधी गावातच उभा राहायचा. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि जाणते लोक गोतसभेला बसायचे. वादी बोलणार, प्रतिवादी उत्तर देणार, साक्षीपुरावा होणार आणि निकालाचा कागद म्हणजे महजर लिहिला जाणार. लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगर काढायचा. पुरावा सापडलाच नाही तर दिव्य करायचं. त्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढायचा, याला रवा काढणं म्हणत. हात भाजला नाही तर माणूस खरा.

ही पद्धत काही मराठेशाहीत जन्मली नव्हती. याज्ञवल्क्य स्मृती दीड हजार वर्षांहून जुनी. तिच्यात खटल्याचे हेच टप्पे आहेत: आधी तक्रार, मग उत्तर, मग पुरावा आणि शेवटी निर्णय. न्यायालयांची उतरंडही आहे. सगळ्यात खाली कुळ, त्यावर एका धंद्याच्या लोकांची श्रेणी, त्यावर गावातल्या सगळ्यांचा समूह आणि सगळ्यात वर राजाने नेमलेले न्यायाधीश.

यात एक गोष्ट आज विसरली जाते. न्यायातून सरकारला पैसे मिळायचे. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची आणि हरणाऱ्याने दंड. दत्तकाला मंजुरी हवी असेल तर नजराणा. खटला जेवढा श्रीमंत घरचा, तेवढी सरकारची कमाई मोठी. निपुत्रिक सावकाराची विधवा म्हणजे तर हातात आयतं आलेलं घबाड.

सुभेदारांची सून

मल्हारराव होळकरांनी चौंडीला मुक्काम केला असताना देवळात ही मुलगी पाहिली आणि सून करून घेतली, अशी हकिकत आहे. लग्न १७३३ मध्ये झालं, म्हणजे वय आठ वर्षं. नवरा खंडेराव. मालेराव १७४५ चा आणि मुक्ताबाई १७४८ ची, अशी दोन मुलं.

मार्च १७५४ मध्ये भरतपूरजवळच्या कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई २९ वर्षांच्याही नव्हत्या. त्या सती जायला निघाल्या होत्या. मल्हाररावांनी अडवलं. एकुलता एक मुलगा गेलेल्या त्या म्हाताऱ्याने सुनेपुढे अक्षरशः हात जोडले असं सांगतात.

पुढची बारा वर्षं मल्हारराव बहुतेक वेळ मोहिमांवर असायचे आणि मागचा कारभार सून बघायची. वसुली, हिशेब, रसद, दारूगोळा, सगळंच. १७६५ च्या त्यांच्या पत्रांत तोफखाना ग्वाल्हेरकडे नेण्याबद्दल सुनेला दिलेल्या सूचना आहेत. एखाद्या सरदाराला लिहावं तसं हे लिखाण आहे.

याशिवाय आणखी एक गोष्ट त्यांच्याकडे आली होती. पेशव्यांनी १७३४ मध्ये मल्हाररावांची पत्नी गौतमाबाई यांच्या नावे वेगळी जहागीर दिली होती. तिला खासगी म्हणत. होळकरांची दौलत म्हणजे फौजेसाठी मिळालेला सरंजाम, तर खासगी ही घरच्या बाईची स्वतःची मिळकत. १७६१ मध्ये सासूबाई वारल्या आणि खासगी सुनेकडे आली. पुढे काशी, गया, सोमनाथपर्यंत जी देवळं आणि घाट उभे राहिले, त्यांच्यामागे हा पैसा होता.

जुना कायदा काय म्हणत होता?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. नवरा वारला, मुलगा नाही. घर, दुकान, तिजोरी कुणाची?

हा प्रश्न जगातल्या सगळ्या जुन्या राज्यांना पडला होता. बॅबिलॉनच्या हम्मुराबी राजाने इसवी सनापूर्वी १७५० च्या आसपास दगडावर कायदे कोरून घेतले. त्यात विधवेला नवऱ्याच्या घरातून कुणी बाहेर काढू शकत नाही. ती तिथे राहील, तिला दिलेलं वापरेल, पण विकू शकणार नाही. तिच्यामागे ते मुलांचं.

आपल्याकडे कौटिल्याचं अर्थशास्त्र रोखठोक आहे. वारस नसेल तर माल राजाचा. बायकांच्या पोटापुरतं आणि मेलेल्याच्या क्रियाकर्मापुरतं बाजूला काढायचं, उरलेलं खजिन्यात. फक्त वेद शिकलेल्या ब्राह्मणाच्या मालमत्तेला राजाने हात लावायचा नाही.

याचं सगळ्यात जिवंत चित्र मात्र कायद्याच्या पुस्तकात नाही, नाटकात आहे. कालिदासाच्या शाकुंतलाच्या सहाव्या अंकात दुष्यंताकडे अमात्याचा कागद येतो. धनमित्र नावाचा समुद्रावर व्यापार करणारा माणूस जहाज बुडून मेला, मूल नाही, सबब त्याची संपत्ती सरकारजमा. राजा विचारतो की एवढा श्रीमंत माणूस म्हणजे बायका बऱ्याच असतील, त्यांच्यातली कुणी गरोदर आहे का ते बघा. एक गरोदर निघते आणि धन पोटातल्या बाळाला मिळतं. राजा चांगला म्हणूनच दाखवलाय. पण बघा, जिवंत बायका घरात असताना धन बायकांचं ठरतच नाही. एक तर राजाचं, नाही तर जन्माला यायच्या मुलाचं.

याज्ञवल्क्याने मात्र निपुत्रिक माणसाच्या वारसांची यादी दिली आणि त्यात पहिलं नाव ठेवलं पत्नीचं. मग मुली, मग आईवडील, मग भाऊ. अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमारास कल्याणी चालुक्यांच्या राजधानीत, म्हणजे सोलापूरच्या पलीकडच्या आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वर नावाच्या पंडिताने या स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. विधवेला फक्त अन्नवस्त्र द्यावं म्हणणाऱ्यांचे मुद्दे त्याने एकेक घेऊन खोडले. भावांपासून वेगळा झालेला माणूस मुलाशिवाय वारला तर त्याचं सगळं धन त्याच्या पतिव्रता पत्नीचं, हा त्याचा निष्कर्ष. एकत्र कुटुंब असेल तर मात्र हिस्सा भावांकडेच राहणार. महाराष्ट्रात आणि देशाच्या मोठ्या भागात पुढे मिताक्षराच चालली.

पुस्तकात नियम होता. पण विधवेच्या दारात सरकारचा माणूस येऊन उभा राहिला की त्याच्यासमोर मिताक्षरा कोण उघडणार?

१७६७: आता तीच वेळ अहिल्याबाईंवर

२० मे १७६६ रोजी आलमपूरला मल्हारराव वारले. सुभेदारीची वस्त्रं नातवाला, मालेरावांना मिळाली. पण त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. संशयावरून त्यांनी एका निरपराध कारागिराचा जीव घेतला आणि पुढे त्याच पश्चात्तापाने भ्रमिष्ट झाले अशी हकिकत आहे. वर्षाच्या आत, १७६७ च्या वसंतात, तेही गेले. आईनेच मुलाला मारवलं ही अफवा तेव्हापासून होती. रथाची गोष्ट तिचंच गोडवून घेतलेलं रूप असावं. प्रत्यक्षात अहिल्याबाई मुलाच्या उशाशी बसून होत्या.

आता होळकरांच्या वाड्यात कर्ता पुरुष उरला नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी तोडगा काढला. एखादा लहान मुलगा दत्तक घ्यावा, कारभार दिवाणाने पाहावा, बाईंना नेमणूक बांधून द्यावी आणि त्यांनी देवधर्म करावा. पोटापुरतं बाजूला काढा, उरलेलं आमचं, म्हणजे थेट कौटिल्याचा हिशेब. पेशव्यांचे चुलते रघुनाथराव यांना यात चांगली नजर मिळणार होती. ते फौज घेऊन क्षिप्रेच्या काठी आले.

अहिल्याबाईंनी साफ नकार दिला. आपण एका सुभेदाराची सून, एकाची पत्नी आणि एकाची आई आहोत, दत्तक घ्यायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क आपला आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी शेजारच्या सरदारांना पत्रं धाडली, फौज गोळा केली आणि रघुनाथरावांना कळवलं की बाईला हरवून तुमची कीर्ती वाढणार नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. महादजी शिंदे आणि जानोजी भोसले यांनी रघुनाथरावांना साथ द्यायचं नाकारलं. पुण्याहून माधवराव पेशव्यांनीही चुलत्यांना आवरलं.

फौजेचं काम त्यांनी तुकोजी होळकरांकडे दिलं. तुकोजी मल्हाररावांच्या रक्ताचे नव्हते, वयाने बाईंपेक्षा मोठे होते, तरी त्यांना मातोश्री म्हणत. मोहिमा तुकोजींनी करायच्या, मुलकी कारभार आणि न्याय बाईंनी, अशी वाटणी पुढे जवळजवळ तीस वर्षं टिकली. कुरबुरी झाल्या, पैशावरून बऱ्याच झाल्या, पण मोडली नाही.

महेश्वरचा दरबार

त्यांनी राजधानी नर्मदेकाठच्या महेश्वरला नेली. तिथल्या दिनक्रमाची माहिती आपल्याला मिळते ती शत्रूकडून. जॉन माल्कम हा इंग्रज सेनानी १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेविरुद्ध लढला आणि नंतर माळव्याचा कारभार त्याच्याकडे आला. अहिल्याबाईंना जाऊन वीसेक वर्षंच झाली होती. त्यांच्या हाताखाली काम केलेली माणसं जिवंत होती. लोक एवढी स्तुती करतात म्हणून माल्कमला संशयच आला, त्याने वेगवेगळ्या ठिकाणी फिरवून फिरवून विचारलं आणि १८२३ च्या आपल्या ग्रंथात सगळं नोंदवलं.

पहाटेच्या आधी उठणं, पूजा, पुराण, दानधर्म. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो संध्याकाळी सहापर्यंत. रात्री नऊला पुन्हा काम, अकरापर्यंत. बाई पडद्याआड बसत नसत, उघड्या दरबारात बसत. तक्रार घेऊन येणारा कुणीही थेट समोर जाऊ शकत होता. ऐकून घेतल्यावर प्रकरण पंचांकडे किंवा कारभाऱ्यांकडे सोपवलं जायचं. पण निकाल पटला नाही तर परत बाईंकडे येता यायचं. गावच्या वतनदारांचे जुने हक्क आणि हलका सारा, या दोन गोष्टींना त्या सहसा धक्का लावत नसत.

आता ती प्रकरणं. इंदूरला देवीचंद नावाचा मोठा सावकार मूलबाळ न होता वारला. तुकोजींची फौज तेव्हा शहराजवळ उतरली होती. काही लोकांनी कान भरले आणि तुकोजींनी त्या घरातल्या पैशात हिस्सा मागितला. त्यात नवल नाही. फौजेला पगार द्यायचा होता आणि खजिना कायम कोरडा. सावकाराची बायको उठली आणि तडक महेश्वरला गेली. अहिल्याबाईंनी तिला वस्त्रं दिली. हा नुसता मान नव्हता. घरादाराची एकटी मालकीण म्हणून ही मान्यता होती. आणि तुकोजींना हुकूम गेला की तळ इंदूरपासून दूर हलवा, माझ्या शहराला असा त्रास देऊ नका. तुकोजींनी तळ हलवला. ज्याच्या हातात सगळी फौज, त्याने एका विधवेच्या तक्रारीवरून आपला मुक्काम उठवला. या प्रकरणाची ताकद इथे आहे.

दुसरं प्रकरण सिरोंजचं. तिथला एक श्रीमंत सावकार असाच गेला. विधवेला मुलगा दत्तक घ्यायचा होता. स्थानिक अंमलदाराने मंजुरीसाठी जबर रक्कम मागितली. दरबारी रीतीप्रमाणे त्यात फारसं वावगंही नव्हतं, नजराणा सगळीकडेच घेतला जाई. बाई मुलाला घेऊन महेश्वरला आली. अहिल्याबाईंनी मुलाला मांडीवर बसवलं, कपडे दागिने दिले, दत्तक मंजूर केला आणि एक पैसा न घेता परत पाठवलं.

खरगोणमध्ये तर उलटंच झालं. निपुत्रिक घरातल्या विधवांनी आपली संपत्ती आपणहून बाईंना देऊ केली. त्यांनी घेतली नाही. तुमचं आहे, तुम्हीच चांगल्या कामाला लावा, असं सांगितलं. त्यातून तिथे नदीवर घाट आणि देऊळ झालं.

या निकालांच्या कागदांत मिताक्षरेचा आधार दिला होता का, हा मुद्दा वेगळा. पण विज्ञानेश्वराने पुस्तकात जे सांगितलं तेच इथे घडलं आणि कौटिल्याने राजाला जी सूट दिली होती ती राजाच्या जागी बसलेल्या बाईने घेतली नाही. दयाळूपणा म्हणून हे सांगितलं जातं, तेव्हा थोडं कमी पडतं. सरकारची हक्काची समजली जाणारी कमाई सोडणं हा राज्यकारभाराचा निर्णय होता. सावकारांना भरवसा वाटला की इथे आपल्यामागे बायकोला कुणी लुबाडणार नाही. इंदूर हे तेव्हा लहान गाव होतं, ते याच काळात व्यापारी शहर म्हणून वाढलं.

वाटमारी करणाऱ्या भिल्लांच्या बाबतीतही त्यांनी असंच केलं. आधी समजुतीने घेतलं, मग कडक शिक्षा केल्या, आणि शेवटी भिल्लांचा जुना हक्कच मान्य केला. डोंगरातून जाणाऱ्या मालावर ठरलेली छोटी रक्कम, म्हणजे भिलकवडी, त्यांनी घ्यायची. बदल्यात त्यांच्या हद्दीत चोरी झाली तर माल शोधून द्यायची जबाबदारी त्यांची.

जिथे हुकूम चालला नाही

मुक्ताबाईंचं लग्न यशवंतराव फणसे यांच्याशी झालं होतं. त्यांचा मुलगा नथोबा हा अहिल्याबाईंचा एकुलता नातू. तो ऐन तारुण्यात गेला. पाठोपाठ १७९१ मध्ये यशवंतरावही वारले आणि मुक्ताबाईंनी सती जायचं ठरवलं.

शास्त्रात याबद्दल एकमत नव्हतं. मनुस्मृतीचा भाष्यकार मेधातिथी सहगमनाला विरोध करतो. पण विधवेला वारसा देणारी मिताक्षरा मात्र ते मान्य करते. गरोदर आणि लहान मुलं असलेल्या बाईला मनाई, बाकीच्यांना मोकळीक. मुक्ताबाईंना अडवणारा नियम कुठे नव्हता. अहिल्याबाईंनीही आपल्या राज्यात तसा कधी केला नव्हता.

त्यांनी लेकीला विनवलं. मी म्हातारी, मला एकटी टाकू नकोस म्हणाल्या. सदतीस वर्षांपूर्वी मल्हाररावांनी त्यांना जे सांगितलं होतं, तेच त्या आता सांगत होत्या. मुक्ताबाईंनी ऐकलं नाही. तू आता थकलीस, काही वर्षांत तूही जाशील, मग माझं मागे काय, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी आई लेकीबरोबर नर्मदेच्या काठापर्यंत चालत गेली. चिता पेटली तेव्हा दोघा ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. त्यांनी वेदनेने स्वतःचेच हात चावले. त्यानंतर तीन दिवस अन्न नाही, शब्द नाही. मग लेकीची आणि जावयाची छत्री बांधायला घेतली.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाई महेश्वरला वारल्या. वय सत्तर. मुलगा, मुलगी, नातू, कुणीच मागे नव्हतं. खासगी आणि दौलत दोन्ही तुकोजींकडे गेली. ते दोन वर्षांनी पुण्यात वारले आणि त्यांच्या मुलांमध्ये वारशाचा वाद पेटला. तो पंचांपुढे गेला नाही. मल्हारराव १७९७ मध्ये पुण्यात मारले गेले, विठोजींना १८०१ मध्ये शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायाला बांधून मारलं आणि पुढच्याच वर्षी यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांचा पराभव केला.

विधवेच्या दत्तकाचा प्रश्न सरकारदरबारी पुन्हा आला तो इंग्रजांच्या काळात. सातारा १८४८ मध्ये, नागपूर आणि झाशी १८५४ मध्ये, वारस नाही म्हणून खालसा झाली. सामान्य घरातल्या हिंदू विधवेला नवऱ्याच्या एकत्र कुटुंबातल्या हिश्श्यावर हक्क मिळाला १९३७ च्या कायद्याने, तोही हयातीपुरता. पूर्ण मालकी मिळायला १९५६ उजाडलं.